बिनवाटीचं तळं

सांगलीला आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक अंगणात उकिडवे बसून माती चाखत होते. चाखत होते, हे मी वाढवून सांगत नाही. त्यांनी बोटावर चिमूटभर माती घेतली, जिभेच्या टोकाला लावली, डोळे मिटले आणि बाजूला थुंकून म्हणाले, "खारट हाय. ही न्हाई चालायची." मग त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. आमच्या ह्यांनी घाईघाईने नमस्कार करून जागेचं विचारलं. भाडं किती, नळ कधी येतो, यातलं एक अक्षर न बोलता त्यांनी मलाच विचारलं, "ताई, माहेर कुठलं तुमचं?"

"फलटणकडचं."

"तिकडं माती कशी हाय? काळी का तांबूस?"

नव्या नवरीला लोक काय काय विचारतात. स्वयंपाक येतो का विचारतात, भाऊ किती विचारतात. मातीचं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काळीच असावी."

"असावी म्हंजे? बघितली न्हाई व्हय?" ते असे दचकले, की मी वडिलांचं नाव विसरले असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आवं, माणसं जागा बघाय आल्यात, माती न्हाई! आत घ्या त्यास्नी!" या काकू. खोली आम्हाला त्यांनीच दाखवली, भाडंही त्यांनीच सांगितलं, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "त्यांचं मनावर घिऊ नगा. डोकं चांगलं हाय, निस्ता माती-माती करतात." आम्ही आठवड्याभरात सामान आणलं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. सगळे त्यांना घरमालक समजत, पण घर होतं काकूंच्या माहेरचं. अण्णा मूळचे साताऱ्याजवळचे, एका किल्ल्याच्या पायथ्याच्या गावचे. घरची थोडी शेती भावाकडे, स्वतः शिकून कोर्टात कारकून झाले. बदल्या होत होत शेवटची नेमणूक सांगलीला झाली, आणि निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या घरीच राहिले. त्यामुळे घरातल्या कुठल्याही गोष्टीवर ते हक्क सांगत नसत. फक्त अंगणातला एक कोपरा, तुळशीच्या उजव्या हाताचा, त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्या कोपऱ्यात ते दरवर्षी दिवाळीचा किल्ला करायचे.

आता दिवाळीत किल्ला कोण करत नाही? आपल्याकडे पोरं चार दगड रचतात, पोतं टाकतात, चिखल थापतात, आळीव पेरतात, कुंभाराकडचे मावळे उभे करतात, वर महाराजांना बसवतात. भाऊबीज झाली की फटाके लावून सगळं उडवून देतात. अण्णा मात्र साठी ओलांडलेले. नातवंडं नव्हती, मूलबाळच नव्हतं, म्हणजे पोरांसाठी करतो असं म्हणायचीही सोय नाही. ते स्वतःसाठी करायचे. आणि त्यांचा किल्ला एकच होता, त्यांच्या गावावरचा. बुरूज, दरवाजा, चोरवाट, सगळं जिथल्या तिथं. मला तर पुढं पुढं तो खरा किल्ला न बघताही तोंडपाठ झाला.

पण किल्ला हे निमित्त. अण्णांचा जीव अडकला होता तो किल्ल्यावरच्या तळ्यात.

पोरं तळं करतात म्हणजे काय करतात? मातीत वाटी पुरतात आणि पाणी भरतात. फार तर नीळ टाकतात. अण्णांना त्या वाटीचा भयंकर राग होता. गल्लीतल्या एखाद्या किल्ल्यात वाटी दिसली की ते काठीने दाखवायचे. "वाटीत पाणी ऱ्हायलं, त्यात किल्ल्याचं काय कवतिक? कवतिक वाटीचं!" त्यांना तळं हवं होतं मातीचं. मातीने पाणी धरून ठेवायला हवं. पहिल्या अंघोळीला भरलं तर भाऊबीजेला दिसलं पाहिजे. एवढंच त्यांचं आयुष्यातलं मागणं, आणि ते काही पुरं होत नव्हतं.

मी एकदा विचारलंच, की अण्णा, हे खूळ डोक्यात आलं कुठून? त्यांना खूळ या शब्दाचा राग आला नाही. म्हणाले, "ल्हान हुतो तवा गुरं घिऊन किल्ल्यावर जायचो. चैतात आमच्या गावच्या हिरी आटायच्या बघा. आई एकेक घागर मोजून वापरायची. आन वर, एवढ्या उंचावर, उन्हात, तळं भरल्यालं! मी म्हनायचो, ह्ये पानी खाली का जात न्हाई? कोन धरून ठेवतंय त्याला? मास्तरला इचारलं, त्यो म्हनला गप बस. बाला इचारलं, त्यानं गुरं कुठं हायत म्हनून दोन दिल्या. मग म्हनलं, आपुनच करून बघू." एवढं सांगून ते चाळणीकडे वळले. आईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

रोज संध्याकाळी ते कृष्णाकाठी फिरायला जायचे आणि येताना रुमालात मूठभर माती बांधून आणायचे. मूठभरच. घमेलंभर आणली तर लवकर होईल की, असं आमचे हे एकदा म्हणाले. अण्णा म्हणाले, "घमेलंभर आनली की मानूस आठ दिस निवांत बसतंय. मूठ कशी, रोज आनाय लागती." ताप असला तरी जायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन जायचे आणि चिखल आणायचे. नातलगाच्या लग्नाला इचलकरंजीला गेले तरी येताना कोटाच्या खिशात तिथली माती. तो कोट काकूंनी अंगणात उलटा करून असा झटकला, की शेजारीण खिडकी लावून आत गेली.

मलाही त्यांनी या कामाला जुंपलं. बायका माहेराहून कुरडया आणतात, सांडगे आणतात. मी फलटणहून माती आणायची. एकदा एस्टीत पिशवी पायांत नीट बसेना, म्हणून कंडक्टरने विचारलं, "काय भरलंय बाई एवढं जड?" मी म्हटलं, "माती." त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाला, "सांभाळून न्या." हे सांगलीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णांची बोलण्याची एक तऱ्हा होती. "कसं काय?", "जेवलात का?" असलं ते विचारत नसत. समोर माणूस आला की विचारायचे, "मूठ पडली का आज?" दूधवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना. कुणाला कळायचं, कुणाला नाही. मला कळायचं, म्हणून मला ते टाळावंसं वाटायचं. त्याचं असं, की मला त्या दिवसांत कथा लिहायच्या होत्या. कॉलेजात एक छापून आली होती, त्या जोरावर मी लेखिका होणार असं मी ठरवून टाकलं होतं. पण लिहायला बसायचं म्हणजे आधी घर आवरलेलं पाहिजे, डोकं शांत पाहिजे, बाहेर रेडिओ नको. असा दिवस महिन्यातून एखादा यायचा आणि त्या दिवशी मला झोप यायची. अण्णांना हे काकूंकडून कळलं. तेव्हापासून मी नळावर दिसले, की सगळ्यांदेखत, "ताई, मूठ पडली का आज?"

"नाही अण्णा, आज वेळच नाही झाला."

"एका वळीला वेळ लागतोय व्हय?"

असा संताप यायचा! तुमचं काय जातं बोलायला, तुम्हाला ना चूल ना मूल, असं तोंडावर आलेलं मी कितीदा गिळलं. पण खरं सांगते, त्या रागात मी जेवढं लिहिलं, तेवढं शांत डोक्याने कधी लिहिलं नाही.

तर तळं. त्यांनी काय काय करून बघितलं नाही? भेंडीचा चिकट रस घातला. बेलफळाचा गर घातला. एका वर्षी गुळाचं पाणी घालून माती मळली, तर वसुबारसेलाच मुंग्यांची रांग लागली. ती किल्ल्यावरून थेट काकूंच्या करंज्यांच्या डब्यात. त्या दिवाळीला आमच्या घरी अण्णांचं जेवण होतं, कारण त्यांच्या घरी त्यांना कुणी वाढलं नाही.

आमचे हे कुपवाडला कारखान्यात होते. त्यांना हे सगळं बघवायचं नाही. "अण्णा, आतनं सिमेंटचा एक हात फिरवा. मी आणून देतो वाटीभर."

"वाटीभर सिमिट न्हाईतर वाटी, फरक काय पडला?" अण्णा म्हणाले. "सिमिटाची तळी करायला सरकार हाय की."

"मग पाणी टिकणार कसं?"

"त्येच तर बघायचंय गड्या!"

साताऱ्याच्या तांबड्या मातीशी त्यांची तिशी-चाळिशी गेली होती. ती माती तडकत नाही, पण पाणी पिऊन टाकते. सांगलीची काळी मळी पाणी पीत नाही, पण वाळली की भेगाळते. दोन्ही मिसळून झाली. पांढरी माती झाली, वारुळाची झाली. मिरजेच्या वाटेवरच्या कुंभाराला विचारून झालं. तो म्हणाला, चांगलं वाळू द्या, कच्च्या मातीत पाणी घातलं की चिखलच व्हणार. तेव्हापासून अण्णांनी वाळवण्याचा ध्यास घेतला. दसऱ्याला तळ्याचा खड्डा घडवायचा, मग त्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. काकू सकाळी तुळशीला पाणी घालायला आल्या, की अण्णा काठी घेऊन उभे. "लांबनं घाल, लांबनं! शिंतोडं उडत्यात!"

"तुळस माज्या बाची, अंगान माज्या बाचं," काकू म्हणायच्या, "आन मीच लांबनं घालू!"

आणि मग पहिली अंघोळ. पहाटे उटणी लावून, नवे कपडे घालून गल्लीतली सगळी पोरं आमच्या अंगणात. पोरं किल्ला बघायला यायची असं अण्णांना वाटत असेल, तर त्यांनी तसं दाखवलं नाही. पोरं यायची ती फुटणं बघायला. अण्णा तांब्याने हळूहळू पाणी सोडायचे. तळं भरायचं. पोरं दबा धरून बसलेली. मग कुठूनतरी बारीक ओघळ सुटायचा, बुरूज खचायचा, पाणी महादरवाजातून धो-धो बाहेर यायचं आणि मावळे आडवे होऊन गटाराकडे निघायचे. पोरं जो दंगा करायची! "आला, आला, पूर आला!" अण्णा खाली बसून त्या भेगेत बोट घालायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हितनं गेलं बघा." झालं. ना चिडणं, ना रडणं. पाडव्याला संध्याकाळी रुमाल घेऊन पुन्हा नदीवर.

बहात्तरच्या दुष्काळातली दिवाळी मात्र वेगळी. जत, आटपाडीकडची माणसं कामाच्या शोधात गावात येत होती, बायका घागर घेऊन दारोदार पाणी मागत होत्या. अण्णांनी किल्ला केला. तळंही केलं. पहिल्या अंघोळीला पोरं आली. अण्णा नुसते उभे राहिले. एक पोरगं म्हणालं, "अण्णा, पानी?" अण्णा म्हणाले, "औंदा न्हाई." आणि पाणी भरलेला तांब्या त्यांनी दाराशी आलेल्या एका बाईच्या घागरीत ओतला. त्या वर्षी तळं कोरडंच राहिलं आणि काकूंनीही काही टोमणा मारला नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकू पडल्या. अण्णांच्या मातीने अंगणभर चिखल झालेला, त्यात पाय घसरला आणि मनगट मोडलं. महिनाभर हात गळ्यात. स्वयंपाक मी करायचे, पाणी अण्णा भरायचे. हात सुटला त्या दिवशी काकूंनी आम्हा दोघांना साक्षीला बसवलं आणि अण्णांना सुनावलं. त्या आरडाओरडा करत नव्हत्या, म्हणून जास्त भीती वाटली.

"सगळ्या अंगनाला शाबादी फरशी घालायची. गवंड्याला इचारून ठेवलंय. मला आता ह्या वयात दुसरा हात मोडून घ्यायचा न्हाई."

अण्णा म्हणाले, "आन कोपरा?"

"कोपरा बी."

अण्णांनी कोपऱ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. घर काकूंचं, मोडलेला हात काकूंचा, काय बोलणार? काकूंनाही ते दिसलं असावं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "येक दिवाळी देते. ह्या दिवाळीला तुमच्या तळ्यात भाऊबीजेपतुर पानी ऱ्हायलं, तर कोपरा तुमचा. न्हाई ऱ्हायलं, तर तुळशीच्या लग्नाआधी गवंडी येनार. मंजूर?"

"मंजूर," अण्णा म्हणाले.

त्या वर्षी त्यांनी मूठ-मूठ करून साठवलेली सगळी माती बाहेर काढली. नवरात्रात मळायला घेतली. दसऱ्याला तळ्याचा खड्डा तयार झाला, परातीएवढा, आतून तुकतुकीत. आता भोवतीचा किल्ला उभा करायचा, म्हणून भरलेलं घमेलं उचलायला गेले आणि तिथंच पोट धरून खाली बसले. हर्निया होता, तो अडकला. टांगा आणला, मिरजेला नेलं, त्याच दिवशी ऑपरेशन.

टांग्यात बसताना वेदनेने घाम फुटलेला आणि मला सांगतात काय, "ताई, वर पोतं घाला. वाळू द्या. पान्याचा थेंब पडू दिऊ नगा." मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं पण ताप चढला. उतरेना. आज सोडतील, उद्या सोडतील, असं करत मुक्काम वाढत गेला. काकू सकाळी डबा घेऊन मिरजेला जायच्या, दिवस मावळताना परत यायच्या. एवढी तोंडाळ बाई, पण तोंडातून शब्द नाही. मी विचारलं तर म्हणायच्या, "हाय तसंच हाय."

अशातच एका सकाळी मी दात घासत बाहेर आले तर काकू तुळशीला पाणी घालून कोपऱ्यात बसलेल्या. पोतं बाजूला केलेलं. तांब्यातलं उरलेलं पाणी त्या अण्णांच्या तळ्यात घालत होत्या आणि ओल्या तळव्याने आतून सारवत होत्या.

मी ओरडलेच, "काकू! अण्णांनी वाळू द्यायला सांगितलंय!"

"सांगू दे."

"अहो, पण पैज..."

"खड्ड्यात गेली पैज!" काकू गर्रकन वळल्या. डोळे भरलेले. "त्यो मानूस तिकडं तापानं सुकत चाललाय, ओठ फुटल्यात त्याचं. आन हितं ह्ये भेगाळतंय. सकाळी उठलं की ह्येच दिसतंय मला. न्हाई बघवत, पोरी. न्हाई बघवत."

त्या रोज सकाळी तसं करत राहिल्या. तुळशीला पाणी, उरलेलं तळ्याला, भेगेवरून ओला हात. मग डबा घेऊन मिरज. मला वाटलं, याचा चिखल होणार, अण्णा येऊन बघणार, आणि घरात रणकंदन माजणार. पण त्यासाठी अण्णा आधी यायला हवे होते. त्यामुळे मीही कधी पोतं नीट करून ठेवायचे, एवढंच.

ताप उतरला. धनत्रयोदशीला अण्णांना घरी सोडलं. टांग्यातून उतरले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. आमच्या ह्यांनी एका बाजूने धरलं होतं. घरात न जाता ते तडक कोपऱ्याकडे वळले. मी काकूंकडे बघितलं, काकूंनी पदर तोंडाला लावला.

अण्णा म्हणाले, "पोतं काढा."

ह्यांनी पोतं काढलं. खाली किल्ला नव्हता, मावळे नव्हते, नुसता मातीचा ढीग आणि त्यात तळं. काठोकाठ भरलेलं. वर तुळशीचं एक पान तरंगत होतं.

मग अण्णांनी विचारलं, "ह्ये आज भरलं?"

काकू पुढे झाल्या. कमरेला पदर खोचला आणि एका दमात सांगून टाकलं, "मी भरलं. आज न्हाई, रोज. तुमी गेल्यापास्नं रोज घालत्येय. सूर्य मावळंपतुर बी असतंय, सकाळी बी असतंय, वाईच खाली गेलं तर मी वर घालत्येय. वाळू दिलं न्हाई. आता काय बोलायचं त्ये बोला."

अण्णांनी स्टूल मागवलं. बसले. हळूच पाण्यात बोट बुडवलं, तळाला टेकवलं, काठावरून फिरवलं. भेग नव्हती. माती गार आणि घट्ट होती. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता आनंदाने ओरडतील.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "किल्ल्यावरच्या तळ्याला तरी कोन वाळू देत हुतं? आन मी जलमभर वाळवत बसलो."

आणि ते हसायला लागले. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काकू, "आवं, टाकं तुटतील! आवं, गप बसा!" म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ती दोघं तशी जवळ बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

पहिल्या अंघोळीला पोरं आली. फुटण्याची वाट बघून कंटाळली. एक तर चिडून म्हणालं, "अण्णा, औंदा काय मज्जाच न्हाई!" अण्णा म्हणाले, "न्हाईच." भाऊबीजेपर्यंत तळं भरलेलं राहिलं. पैज कोण जिंकलं, यावर आमच्या घरात वाद झाला. हे म्हणत होते, पाणी टिकलं म्हणजे अण्णा जिंकले. मी म्हणत होते, टिकवलं काकूंनी. तो वाद अण्णांनीच मिटवला. काकूंना म्हणाले, "तू गवंड्याला बोलीव. फरशी घालून टाक सगळीकडं. तुजा पाय घसरायला नगो."

"आन कोपरा?"

"झालं की माजं काम."

गवंडी आला. फरश्या बसवत बसवत तुळशीपर्यंत पोचला आणि कोपऱ्यातला ढीग उपसायला त्याने फावडं उचललं. काकू आतून धावत आल्या. "तिथं न्हाई! तिथं माती ऱ्हानार हाय!" गवंड्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा दुसरीकडे बघत होते, रुमाल झटकत होते. संध्याकाळ झाली होती, त्यांची नदीवर जायची वेळ.

पुढे ह्यांना साताऱ्याला नोकरी मिळाली आणि आम्ही सांगली सोडली. साताऱ्यात घराच्या गच्चीवरून समोर अजिंक्यतारा दिसायचा. पहिल्या वर्षी मी रोज काहीतरी लिहीत होते. मग मुलगी झाली, सासूबाई आजारी पडल्या, पाहुणे, सण, शाळा. किल्ला रोज समोर होता, तरी बघायचं राहून जायचं. लिहिणं कधी थांबलं तेही मला कळलं नाही.

अण्णा गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. मी एकटीच सांगलीला गेले. घर तसंच होतं, फरशी घासून घासून गुळगुळीत झालेली. काकू वाळून काटकी झाल्या होत्या, पण मला बघितल्याबरोबर, "एवढ्या उशिरा सुचलं व्हय तुला!" म्हणून कडाडल्या, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडल्या. मीही रडले. अण्णांसाठी रडले, आणि थोडी माझ्यासाठीही.

सकाळी उठून बाहेर आले. चैत्राचे दिवस, आठ वाजताच फरशी तापायला लागलेली. कोपऱ्यात किल्ला नव्हता. तळं होतं. भरलेलं. काकू तुळशीला पाणी घालून वाकत वाकत तिकडे आल्या, काठावरून ओला हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

"मूठ पडली का आज?"

मला क्षणभर कळेना, हे कुणी विचारलं. मी म्हटलं, "नाही काकू. बरेच दिवस नाही."

"मग टाक की," काकू म्हणाल्या, आणि हातातला तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला.